आऱ्या

वेल आधी बांध गिळते, मग वाट, मग रान. कुझूची वेल. माणसाचा हात थांबला की हिचा सुरू होतो. चिबा प्रांतात याचिमाताजवळ आम्ही कसायला घेतलेल्या तुकड्यावर ती कमरेइतकी माजली होती, आणि तिच्याखाली बुजलेल्या सऱ्या होत्या, गंजलेला एक विळा होता, काकी फळाच्या झाडाचं निम्मं खोड होतं, कुणाच्या तरी उभ्या आयुष्याची मेहनत होती. वारा आला की सगळी पानं एकदम उलटायची, त्यांची पांढुरकी पाठ उजळायची आणि अख्खं रान कूस बदलायचं. पानं बाजूला सारली की आत जांभळट लाल तुरे, द्राक्षाच्या रसाचा गोड वास. जपानी माणसं शरदाची म्हणून जी सात फुलं मानतात, त्यांतलं हे एक. रान ओसाड पडलं होतं.

ऋतू मात्र त्यानं चुकवला नव्हता.

आम्ही राहतो टोकियोतल्या निशी-कसाईत. तोझाई मार्गावरचं इथलं स्टेशन 1979 सालचं. पूर्वी हा खाडीकाठ. नोरीचं शेवाळ वाळत घालायचे, चिखलात कमळाची शेती व्हायची. मग समुद्र मागं सारून भराव टाकला, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, आणि 2000 सालाच्या सुमारास संगणकाच्या कामाला आलेली आपली माणसं त्या इमारतींत बिऱ्हाडं थाटू लागली. आता इथल्या बागेत संध्याकाळी मराठी ऐकू येतं, दुकानात तूरडाळ मिळते. 2019 मध्ये आपल्यातलेच योगेंद्र पुराणिक आमच्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहात निवडून गेले तेव्हा वस्तीत घरचं कार्य असावं तसा आनंद झाला होता. गॅलऱ्यागॅलऱ्यांत मेथी, कोथिंबीर, एखादी तुळस. आमच्याही कुंड्या होत्या. पण सकाळी मेथीच्या मुळाशी माती उकरताना बोटं खाली जायची, ओलाव्यात सुखावायची, आणि अडायची.

कुंडीला तळ असतो.

एरवी आमची गाडी आराकावा नदी ओलांडून ओतेमाचीच्या कचेऱ्यांकडे जाते. रविवारी आम्ही समोरच्या फलाटावर उभे राहतो. उरायासू मागं पडतं, निशी-फुनाबाशीला गाडी बदलायची, चिबाच्या पुढं इमारती विरळ होत जातात, आभाळ खाली उतरतं, आणि याचिमाताला दार उघडलं की मातीचा वास आत येतो. जपानात शेतजमीन कसायला घ्यायची तर पूर्वी साधारण सव्वा एकराची अट असे. 2023 च्या एप्रिलमध्ये ती उठली, आणि आमच्यासारख्या दोन हातांच्या माणसांनाही रानाचं दार किलकिलं झालं. रानाची मालकीण शेजारच्याच घरात राहते. वयानं आजी, पाठ वाकलेली, नजर ताठ. कागद झाले तशी तिनं ठेवणीतली कुदळ काढली, दांडा पुसला आणि दोन्ही हातांनी पुढं केली.

हिवाळाभर आम्ही कुझूची मुळं खणली. मनगटाएवढी जाड, खोल गेलेली, हट्टी. पहाटे माती पायाखाली कुरकुरायची. वाकून पाहिलं तर बर्फाच्या बोटभर उंच सुया जमिनीतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर मातीचा कण. ऊन चढलं की त्या विरघळत आणि भुई मऊ होऊन खाली बसत असे. इथली माती वर काळी, खाली तांबूस, मुठीत घेतली तर हलकी. फुजी आणि हाकोने यांच्या राखेतून ती साठत आली आहे. साताऱ्याकडच्या आमच्या रानातली माती जड, चिकट, उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी. ती सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेल्या लाव्ह्याच्या कातळातून झिजून आलेली. एवढे समुद्र मध्ये असून दोन्ही मातींची आई एकच.

आग.

आजीचा मुलगा टोकियोत असतो. ओतेमाचीला त्याची कचेरी, आमच्याच मार्गावर. सकाळच्या गर्दीत कधी एकाच दांड्याला धरून उभे राहिलोही असू. तो या रानातून गेला आणि रान वेलीखाली गेलं. 2015 च्या शेतीगणनेत जपानभर अशी सोडून दिलेली जमीन 4 लाख 23 हजार हेक्टर भरली होती. हा आकडा वाचताना मला साताऱ्याकडचा आमचा बांध दिसत राहिला. वडील गेले, भाऊ पुण्यात, मी इकडे; आमच्या रानात आता वेड्या बाभळी आणि काँग्रेस गवत. तिथला मुलगा इथली माती मोकळी करतो आहे आणि इथला मुलगा शहरात माझ्याच शेजारी उभा आहे, ही गोष्ट कुदळीच्या प्रत्येक घावाबरोबर अंगात झिरपत गेली. दुःख आजीचं अन् माझं वेगळं नव्हतं. फक्त तण वेगळं होतं.

मे महिन्यात भुईमूग लावला. हा सारा मुलूखच शेंगांचा. जपानातल्या दहांतल्या आठ शेंगा चिबात पिकतात. दक्षिण अमेरिकेतून निघालेलं हे पीक आमच्या माणदेशी माळावर रुजलं तसंच इथंही रुजलं, आणि दोन्हीकडे त्याला कुणी परकं म्हणत नाही. जुलैत पिवळी फुलं आली. सकाळी उमलायची, दुपारी मान टाकायची. मग देठाशी टोकदार आरी सुटायची. मी ओल्या मातीत गुडघे टेकून, गाल भुईला लावून ती पाहिली आहे: जांभळट, सुईपेक्षा जरा जाड, टोकाशी किंचित ओली. बहुतेक झाडं फळ उजेडाला धरतात. ही खाली वळते, माती चाचपते, आणि अंधारात शिरल्यावरच तिच्या टोकाला शेंग धरते. गावी आजोबा मला पाठीवर घेऊन हेच दाखवायचे. म्हणायचे, आऱ्या शिरताना रानात पाय जपून टाकावा.

शरदात वेल उपटले, शेंगा वर करून वाळवले, मग आजीनं दाखवल्याप्रमाणे रचून त्यांचे गोल ढीग केले. काही ओल्या शेंगा तिनं मिठाच्या पाण्यात उकडल्या. पायरीवर बसून आम्ही सोलून खाल्ल्या. तीच चव, तोच बोटांना लागणारा चिकट खारट ओलावा. आजी रानाकडे पाहत होती. मुलगा परतल्याचा नव्हता तिच्या चेहऱ्यावरचा आनंद. तो कुदळ वाया न गेल्याचा होता. आपण नाही तर आपल्या रानात दुसरं कुणी राबावं, एवढं मोठं मन तिनं कागदावर शिक्का मारून दाखवलं होतं.

त्या रात्री भावाला फोन केला. उन्हाळ्यात दोघांनी गावी जायचं, बाभळी काढायच्या, आणि ज्याला रान नाही पण कसायची ओढ आहे असा गावातलाच एखादा पोरगा पाहून मृगाच्या आत त्याच्या हाती ते सोपवायचं. सातबाऱ्यावर नाव आमचं राहील. पीकपाण्यात त्याचं लागेल.