नर्सबाईच्या ट्रंकेतले कार्ड



मी कृषी विस्तार अधिकारी. माझ्याकडून तुमची अपेक्षा बीजप्रक्रिया, बोंडअळी, फार तर कंपोस्टचा खड्डा, एवढीच असणार. पण आज मी शेतीवर लिहिणार नाही. आज आमच्या सौ.च्या नोकरीची हकिगत सांगणार आहे. सौ. आरोग्यसेविका आहे, तुम्ही जिला ‘नर्सबाई’ म्हणता ती. हे तिनेच लिहावे असे मी पुष्कळदा सुचवले. “माझी रजिस्टरं लिहून होत नाहीत, लेख कुठला लिहू?” असे म्हणून तिने ते काम माझ्या गळ्यात घातले. तेव्हा तिच्या परवानगीने लिहितो आहे.

गोष्ट २००० सालची. आमची मुलगी डिसेंबर १९९९ मध्ये झाली आणि पुढच्या जुलैत सौ.ला नेमणुकीचा हुकूम आला. ठिकाण मेळघाटातले, धारणी तालुक्यातले एक उपकेंद्र. माझी नोकरी अकोट तालुक्यात. नकाशात पाहाल तर अकोटच्या डोक्यावरच मेळघाट आहे. पण आमचे जाणे-येणे असायचे परतवाड्यावरून. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी असा एसटीचा प्रवास. धारणीहून पुढे मिळेल ती गाडी, आणि पावसाळ्यात शेवटचा टप्पा पायी, कारण मध्ये नाला.

पोरगी ७ महिन्यांची. उपकेंद्राच्या खोलीत वीज नाही, पाणी हापशीचे, तेही लांब. अशा जागी तान्हे मूल कसे न्यायचे? शेवटी पोरीला माझ्या आईकडे ठेवायचे ठरले. आई म्हणाली, “काई फिकर करू नोको. म्या चार वाढवले, हे पाचवी.” सौ.ने एक पत्र्याची ट्रंक भरली. तीत लुगडी, स्टोव्ह, प्रमाणपत्रे, नेमणुकीचा हुकूम आणि घरातले सगळे महत्त्वाचे कागद. ट्रंकेला कुलूप लावले आणि ती गेली. पहिले पंधरा दिवस अंगावरचे दूध आटवताना तिने काय सोसले, ते माझ्या मायबहिणींना सांगायला नको.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत दवाखाना, दुसरीत संसार. आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असा सरकारी हिशेब आहे. सपाटीवर तो ५,००० चा. ऐकायला काम कमी वाटते. पण ही ३,००० माणसे एका गावात राहत नाहीत. त्यांचे ढाणे डोंगरात विखुरलेले. एका ढाण्यावर जाऊन यायचे तर दिवस मोडतो. लोक कोरकू. त्यांची बोली वऱ्हाडी माणसाला एक अक्षर कळत नाही. बोलणे व्हायचे ते मोडक्यातोडक्या हिंदीत. तिथल्या एका म्हाताऱ्या दाईने सौ.ला हाताशी धरले आणि तिचे हिंदी कोरकूत, कोरकू हिंदीत करून सांगू लागली.

फजित्या काय थोड्या झाल्या? पहिल्याच आठवड्यात स्टोव्हची पिन हरवली. पिनेसाठी धारणीच्या बाजारापर्यंत थांबावे लागले, तोवर तीन दगडांची चूल. एकदा बाई अंगणात रजिस्टर लिहीत बसल्या आणि कोणी हाक मारली म्हणून उठून गेल्या. येऊन पाहतात तो शेळीने गरोदर मातांचे अर्धे पान खाल्लेले! ते अर्धे पान पुन्हा लिहिण्यासाठी तिला तीन ढाणे नव्याने फिरावे लागले. एकदा भर उन्हात लसीचा डबा घेऊन ती जात असता एका मांडवातला माणूस धावत आला. “बाई, आपके पास बरफ है ना? बरात आयी है, सरबत बनाना है.” त्याला समजावता समजावता तिला घाम फुटला. तो बर्फ सरबताचा नसून लहान लेकरांचा आहे हे त्याला पटले की नाही कोण जाणे, पण पुढे तोच माणूस नाल्याच्या पाण्यातून तो डबा डोक्यावर धरून पलीकडे नेऊन देऊ लागला.

या डब्यानेच तिला एक मोठा धडा दिला. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. उन्हाने लस बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण काही लसी गारठ्यानेही बिघडतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस एकदा गोठली की वाया गेली. म्हणून डब्यातले ते चार आइसपॅक फ्रीजरमधून काढून तसेच घालायचे नसतात. त्यांना बाहेर घाम सुटू द्यायचा, हलवून आत पाणी वाजते का पाहायचे, मगच डब्यात ठेवायचे. त्या दिवशी जीप सुटायच्या घाईत सौ.ने हे केले नाही. ढाण्यावर पोचून कुपी हलवून पाहिली तर औषधात कण दिसले, आणि ते भराभर तळाशी बसले. लस गोठून वितळली होती.

समोर बावीस बाया पोरे घेऊन बसलेल्या. कोणी रोजी बुडवून आलेली, कोणी तासभर डोंगर उतरून. टोचून मोकळे झाले असते तर कोणाला कळणार होते? रजिस्टरही भरले असते. सौ.ने कुपी बाजूला ठेवली आणि सांगितले, “लस खराब झाली. चूक माझी आहे. पुढच्या आठवड्यात या.” दाईने ते कोरकूत सांगितले. बाया काही न बोलता उठून गेल्या. सौ.ला वाटले, संपले, आता कोणी येत नाही. पण पुढच्या आठवड्यात वीस आल्या. दाई म्हणाली, “बीज बेचनेवाला खराब बीज भी बेच के जाता है. तूने फेंक दिया.”

वाचकहो, हे मला सांगताना सौ. हसत होती, पण माझी मान खाली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये मी सोयाबीनसाठी रायझोबियमची पाकिटे वाटली होती. हे जिवाणू सजीव असतात. त्यांना सावलीत, थंड जागी ठेवायचे असते. माझी पाकिटे तीन दिवस जीपच्या पेटीत उन्हात तापली होती. मला ते ठाऊक होते, तरी वाटून टाकली. महिन्याने एका शेतकऱ्याने झाड उपटून माझ्यापुढे धरले. मुळांवर गाठी नव्हत्या. मी काय म्हणालो? “तुमच्या जमिनीचा दोष असेल.” मी बी.एस्सी. अ‍ॅग्री. झालेला माणूस, तिचे शिक्षण आरोग्यसेविकेच्या कोर्सचे. खरे शिक्षण कोणाचे झाले होते, ते तुम्हीच ठरवा.

आता मूळ गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

गोवराची लस बाळाला ९ महिने पुरे झाले की देतात. आमच्या पोरीचे ९ महिने सप्टेंबरात भरले. आईला वाटले, पोरीची मायच नर्स, तिने सगळे टोचले असेल. सौ.ला वाटले, मी तिकडे आहे, गावातल्या नर्सबाईकडे नेले असेल. मी दर शनिवारी घरी जायचो, पोरीला खांद्यावर घेऊन मळा दाखवायचो, आणि मला काहीच वाटले नाही. गावची नर्सबाई एकदा दारात येऊन गेली होती. आईने तिला अभिमानाने सांगितले, “आमची सूनच नर्स हाय वो माय.” ती बिचारी हसून पुढे गेली. ज्या कार्डावर तारीख लिहिली होती, ते कार्ड महत्त्वाच्या कागदांबरोबर ट्रंकेत, कुलपात, मेळघाटात!

मार्च २००१ मध्ये, ऐन होळीत पोरीला ताप आला. डोळे लाल, नाक गळतेय, मग अंगभर पुरळ. आईने देवीचा कोप म्हणून दोन दिवस अंगारा लावला. मी पोचलो तेव्हा पोरीचा श्वास लागला होता, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. अकोल्याला नेले. डॉक्टर म्हणाले, गोवर, आणि त्यावर न्यूमोनिया. मी धारणीच्या दवाखान्यात फोन करून निरोप ठेवला. तो सौ.ला दुसऱ्या दिवशी एका ढाण्यावर मिळाला. त्या वेळी ती काय करत होती? दुसऱ्यांच्या लेकरांना गोवराचीच लस टोचत होती. ही लस एकदा पाण्यात कालवली की चार तासांत संपवावी लागते. बसलेली सहा मुले तिने टोचली, कुप्या बंद केल्या, आणि निघाली.

कोरकूंची होळी आपल्यासारखी एका दिवसात संपत नाही. पुढचे काही दिवस बाया रस्ता अडवून फगवा मागतात. सौ. ज्या जीपमध्ये बसली होती, ती त्यांनी अडवली. गाणी, हसणे, हातात हात धरून रस्ता बंद. एकीने आत डोकावून पाहिले तर नर्सबाई रडतेय. दाई त्यांच्यातच होती. तिने विचारले, क्या हुआ? सौ. म्हणाली, मेरी लड़की बहुत बीमार है.

दाई पाहतच राहिली. “तेरी लड़की है?”

आठ महिने सौ. त्या बायांची पोरे वजन करत होती, त्यांच्या नाळा कापत होती. तिला स्वतःचे लेकरू आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. बोलले की रडू येते, म्हणून तिने सांगितले नव्हते. आणि विचारायचे कोणाला सुचले नव्हते. बायांनी हात सोडले. फगव्याचे जमलेले पैसे दाईने तिच्या ओच्यात टाकले.

पोरगी सहा दिवस दवाखान्यात होती. सौ. पोचली तेव्हा पोरीने तिला ओळखले नाही. आजीकडेच हात पसरले. जीवनसत्त्व ‘अ’ चे दोन डोस, इंजेक्शने, ऑक्सिजन, सगळे झाले. सातव्या दिवशी पोरीने दूधभात मागितला आणि आम्हा तिघांना एकदम रडू कोसळले. त्या दिवसांत कोणी कोणाला दोष दिला नाही. द्यायला जागाच नव्हती. तिघांचाही सारखाच वाटा होता.

सौ.ने राजीनामा लिहिला. मीही आडकाठी केली नाही. तो द्यायला आणि ट्रंक आणायला ती मेळघाटात गेली. दाई कुटकीचे गाठोडे घेऊन दारात हजर. “लड़की कहाँ है? लायी क्यों नहीं?” सौ. म्हणाली, मी ढाण्यावर गेले की तिला कोण पाहणार? दाई रागावली. “हम क्या मर गये हैं?”

राजीनामा ट्रंकेतच राहिला. एप्रिलात आम्ही पोरीला वर नेले. दाईच्या सुनेने तिला आपल्या पोराबरोबर वाढवले. हापशीचे पाणी बाया पाळीपाळीने आणून ठेवू लागल्या. आमची पोरगी मराठीआधी कोरकू बोलायला शिकली. पाणी हवे असले की ‘डा’ म्हणायची. आणि एक सांगतो: पोरगी अंगणात खेळू लागल्यावर सौ.च्या लसीकरणाला बाया न बोलावता येऊ लागल्या. नर्सबाईचे लेकरू आपल्या लेकरांत आहे, म्हटल्यावर ती परकी कशी? २००५ मध्ये बदली झाली तेव्हा त्या उपकेंद्रातून निघताना सौ. जितकी रडली, तितकी माहेरातून निघतानाही रडली नव्हती.

आज काळ पालटला आहे. गावोगाव आशाताई आहेत, १०८ ची गाडी आहे, फोन सगळ्यांच्या खिशात आहेत. पण गोवर गेलेला नाही. २०२२ मध्ये मुंबई-मालेगावात त्याची साथ आली आणि लेकरे दगावली. आता गोवर-रुबेलाच्या लसीचे दोन डोस आहेत. पहिला ९ महिने भरल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहा. कार्ड पोर जिथे असेल तिथे ठेवा, मग ते आजीकडे असो, मामाकडे असो की ऊसतोडीच्या खोपीत असो. आणि कुणी टोचले असेल, असे धरून चालू नका. कार्ड उघडून बघा.

दुसरे सांगणे त्याहून सोपे आहे. तुमच्या गावात नर्सबाई येते, तीही कोणाची तरी लेक, कोणाची तरी आई असते, आणि आपले घर मागे टाकून आलेली असते. तिला औषध मागाल तेव्हा एकदा विचारा, “बाई, तुमची लेकरं कुठं असतात?” तेवढे विचारायला तिथल्या बायांना आठ महिने लागले. तुम्ही इतका वेळ लावू नका.

ते कार्ड आमच्या घरी अजून आहे. गोवराच्या रकान्यात तारीख नाही. मागे एकदा मी म्हणालो, आता हे कशाला ठेवायचे? सौ. म्हणाली, “राहू द्या. नव्या मुलींना ट्रेनिंगमध्ये दाखवायला उपयोगी पडतं.”