मोडेमच्या किल्ल्या

हल्लीं घरोघरीं भिंतीवर एक लहानशी पेटी टांगलेली दिसते. तिच्यावर चारपांच हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि त्यांतील एखादा विझला कीं सारें घर हातांतलें काम टाकून तिच्याभोंवतीं जमतें. देवघरांतील समईकडे दिवसांतून दोन वेळां लक्ष जातें. या दिव्यांकडे वीस वेळां जातें. असें असूनहि त्या पेटीच्या पोटांत काय चालतें, हें पाहण्याची इच्छा फार थोड्यांस होते. कंपनीचा माणूस येतो, कांहीं आंकडे भरतो, "आतां याला हात लावूं नका" असें बजावून जातो. आणि आपण ती आज्ञा वेदवाक्याप्रमाणें पाळतों. ही आज्ञाधारकता घराच्या हिताची नाहीं, असें माझें मत झालें आहे. तें कसें झालें, तें सांगतें.

आमचें घर रत्नागिरी जिल्ह्यांत, दूरध्वनीच्या केंद्रापासून सुमारें तीन किलोमीटरांवर आहे. जांभ्या दगडाच्या हातभर रुंद भिंती, पुढें पडवी, मागें माजघर, सभोंवार नारळीपोफळी, आणि घरांत आम्ही नऊ माणसें. कांचेच्या तंतूंची नवी तार आमच्या वाडीपर्यंत अद्याप पोंचलेली नाहीं. म्हणून जुन्या दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरच आमचें इंटरनेट चालतें. माझा पुतण्या व त्याची बायको २०२० सालीं पुण्याहून येथें आलीं, आणि पुण्याची नोकरी न सोडतां येथेंच रमलीं. सूनबाई एका कचेरीचे हिशेब तपासते. तिचें काम सारें पडद्यावरचें, आणि जोडणी तर दिवसांतून पांचसहा वेळां तुटे. वरिष्ठांनीं दोनदां समज दिली. तिसऱ्या वेळीं, महिन्याभरांत सुधारणा न झाल्यास पुण्यास परत यावें, असें पत्रच आलें. तेव्हां प्रश्न एका दिव्याचा उरला नव्हता. घरांतील दोन माणसें घरांत राहणार कीं नाहींत, हा होता.

तक्रारींस उत्तर ठराविक मिळे: पेटी बंद करून पुन्हां चालू करा. मी तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलेलें असल्यामुळें एवढ्यानें माझें समाधान होईना. एके दुपारीं सूनबाईस जवळ बसविलें, आणि आम्हां दोघींनीं तें बंद दार उघडलें.

हें दार उघडण्यास विद्वत्ता लागत नाहीं. संगणकावर संकेतस्थळाचा पत्ता लिहितात त्या जागीं १९२.१६८.१.१ हे आंकडे लिहिले कीं बऱ्याच पेट्या आपलें पान पुढें करतात व नांव आणि परवलीचा शब्द विचारतात. पुष्कळ पेट्यांत कारखान्यांतूनच दोन्ही ठिकाणीं 'अॅडमिन' हा एकच शब्द घातलेला असतो; म्हणजे कुलूप आहे, पण किल्ली त्यालाच लटकलेली. आमचेंहि तसेंच होतें. मात्र कांहींहि बदलण्यापूर्वीं प्रत्येक पानावरील जुने आंकडे आम्हीं वहींत उतरून घेतले. ज्यांस हा उद्योग करावयाचा असेल त्यांना माझें हें एकच आग्रहाचें सांगणें आहे. बाकीचें सर्व पुढचें.

'अॅडव्हान्स्ड' असें नांव असलेल्या पानावर प्रथम व्हीपीआय आणि व्हीसीआय अशीं दोन घरें दिसलीं. आपल्या पेटीपासून कंपनीच्या यंत्रापर्यंत जी अदृश्य वाट असते, तिचे हे क्रमांक. आमच्याकडे ० आणि ३५. यांत एक आंकडा चुकला तर दिवा स्थिर राहतो, पण एक अक्षर येत नाहीं. ही क्रमांकांची रीति एटीएम नांवाच्या पद्धतींतली. (पैसे देणाऱ्या यंत्राशीं तिचें कांहीं नातें नाहीं.) त्या पद्धतींत सर्व मजकूर ५३ बाइटांच्या लहान लहान पुड्यांत बांधतात: ५ बाइट पत्त्याचे, ४८ मजकुराचे. ४८ हा विचित्र आंकडा कोठून आला? १९८० च्या दशकाच्या अखेरीस हें माप ठरत असतां अमेरिकेचा पक्ष ६४ वर अडून बसला आणि युरोपचा ३२ वर. शेवटीं बेरीज करून दोहोंनीं भागलें. भाऊबंदांच्या वाटण्यांत पंच करतात तोच न्याय जगांतील मोठमोठ्या अभियंत्यांनींहि केला, हें वाचून मला फार बरें वाटलें.

त्याच पानावर खालीं एमटीयू असें एक घर होतें. एका खेपेस किती मोठें गाठोडें पाठवावयाचें, याची ही मर्यादा. सामान्य मर्यादा १५०० बाइटांची. परंतु आमच्यासारख्या जोडणींत पीपीपीओई नांवाची एक वेष्टणाची पद्धति वापरतात, व तें वेष्टणच ८ बाइट खातें. म्हणून आंकडा १४९२ पाहिजे. कोणीतरी तेथें १५०० लिहून ठेवले होते. त्यामुळें बाकी सर्व पानें उघडत, आणि सूनबाईच्या कचेरीचें पान मात्र अर्धें उघडून अडे. मोठीं गाठोडीं वाटेंत कोठेंतरी मुकाट्यानें टाकून दिलीं जात होतीं. तो आंकडा बदलतांच पान पुरें उघडलें. जोडणी तुटणें मात्र थांबलें नाहीं.

आतां तांब्याच्या तारेविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढचें समजणार नाहीं. एकमेकींस पीळ दिलेल्या दोन तारांचें पेटंट ग्रॅहॅम बेलनें १८८१ सालीं घेतलें. आमच्या दारांत खांबावरून येते ती जोडी त्याच कुळांतली. मनुष्याचें बोलणें वाहून नेण्यास तिला सुमारें ४ किलोहर्ट्झांपर्यंतच्या लहरी पुरतात. त्याहून उंच लहरी शंभर वर्षें रिकाम्याच होत्या. एडीएसएल या पद्धतीनें सुमारें २६ पासून ११०४ किलोहर्ट्झांपर्यंतची ती पडीक जमीन लागवडीस आणली. पुढची एडीएसएल-२-प्लस २२०८ पर्यंत गेली. तिचे ४.३१२५ किलोहर्ट्झांचे बारीक बारीक वाफे पाडलेले असतात, आणि ज्या वाफ्यांत गोंगाट कमी त्यांत पेटी जास्त मजकूर पेरते. लांबच्या तारेवर उंच लहरी वाटेंतच क्षीण होतात. म्हणून केंद्राजवळच्या घरास जो वेग मिळतो तो आम्हांस मिळणें नाहीं. याबद्दल तक्रार करण्यांत अर्थ नाहीं.

पेटीच्या एका पानावर तिची स्वतःची रोजनिशी असते. कोणत्या मिनिटाला जोडणी तुटली आणि केव्हां जुळली, हें ती निमूटपणें लिहीत असते. आजवर आमच्या घरांत तें कोणी वाचलें नव्हतें. आम्हीं आठवड्याची नोंद उतरून काढली, आणि पहिल्या दृष्टिक्षेपांतच सूनबाई म्हणाली, "काकू, या साऱ्या आजींच्या फोनच्या वेळा आहेत!" खरेंच होतें. सकाळीं अकराला माझ्या नणंदेचा फोन, चार वाजतां सासूबाईंच्या मैत्रिणीचा. माजघरांत त्यांच्यासाठीं एक जुना दूरध्वनि त्याच तारेवर जोडलेला आहे. बोलणें आणि मजकूर यांना निराळें करणारी एक डबी पडवींतल्या यंत्रास होती, माजघरांतल्यास नव्हती. सासूबाईंनीं फोन उचलला कीं सूनबाईची कचेरी बंद पडे! तालुक्यांतून थोडक्या किंमतीची ती डबी आणून लावली, आणि तुटणें निम्म्यावर आलें.

उरलेलें निम्में पावसाचें होतें. खांबावरील जुन्या सांध्यांत पाणी शिरलें कीं तारेंत खरखर वाढते. पेटीच्या पानावर एसएनआर मार्जिन म्हणून जो आंकडा असतो, तो या खरखरीच्या वर आपला आवाज किती शिल्लक आहे तें डेसिबलांत सांगतो. सहा असला म्हणजे सामान्यतः निभावतें. आमच्याकडे कोरड्या दिवशीं तो नऊदहा असे, आणि आषाढांतल्या सरींत दोनतिनावर येई. सांधे बदलणें आमच्या हातीं नव्हतें. पण पेटीनें कोणत्या पद्धतीनें बोलावें, तें निवडण्याची सोय होती. तेथें 'आपोआप' असें लिहिलेलें होतें, आणि पेटी स्वभावतःच अधिक वेगाच्या मागें धांवे. आम्हीं तिला जुनी, मंद पद्धति नेमून दिली. वेग सात मेगाबिटांवरून साडेचारांवर आला, आणि भर पावसांतहि जोडणी दिवस दिवस टिकूं लागली. २००४ च्या सरकारी धोरणांत २५६ किलोबिटांस 'ब्रॉडबँड' म्हणत, आणि २०२३ पासून ती किमान मर्यादा २ मेगाबिट झाली आहे. तेव्हां साडेचारांत हिशेब तपासण्यास कांहीं कमी पडत नाहीं. पुतण्यास क्रिकेट पाहतांना कमी पडतें. तें त्यानें सोसलें.

महिना संपण्यापूर्वीं कचेरीचें समाधान झालें. येथें हा लेख संपावयास हरकत नव्हती. पण खरी अडचण यानंतरच उभी राहिली.

माझे दीर घरचा कारभार पाहतात. पेटीच्या रोजनिशीची गोष्ट ऐकून ते एका रात्रीं मला म्हणाले, "वहिनी, आतां किल्ली तुमच्या हातीं आलीच आहे, तर दोन गोष्टी करा. दहाला सर्वांचें इंटरनेट बंद. आणि कोण काय पाहतें याची यादी आठवड्याला मला द्या. कोणास सांगावयास नको." त्यांची काळजी खोटी नव्हती. त्यांचा नातू रात्रीं दोनदोन वाजेपर्यंत जागत होता. आणि फोनवरून फसवून लोकांचे पैसे कसे लुबाडतात, तें रोज वर्तमानपत्रांत येतें.

असें करतां येतें का? बऱ्याच अंशीं येतें. प्रत्येक फोनास एक बारा अक्षरांचा क्रमांक असतो. तो ओळखून पेटी त्याला दार बंद करूं शकते. मात्र २०१९-२० पासून पुष्कळ फोन जागोजागीं निराळा क्रमांक सांगतात, त्यामुळें हें कुलूप चतुर मुलास फार वेळ अडवीत नाहीं. यादीचें म्हणाल, तर कोण कोणत्या संकेतस्थळीं गेलें एवढें तींत दिसूं शकतें. तेथें काय वाचलें तें सहसा दिसत नाहीं. तेवढेंहि पुष्कळ झालें! सून कोणत्या डॉक्टरांचें पान उघडते, पुतण्या कोठें दुसरी नोकरी शोधतो, हें तिच्या सासऱ्यांनीं आठवड्याच्या यादींत वाचावें, आणि तीं यादी मीं करून द्यावी, हें माझ्यानें होण्यासारखें नव्हतें. मीं तसें सांगितलें. भाऊजी रागावले. चारपांच दिवस आमचें बोलणें जेवणाच्या पानापुरतेंच होतें.

शेवटीं विषय माजघरांत, सर्वांसमक्ष निघाला. मीं तो मुद्दामच काढला. सासूबाई आतां सत्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या असत. साखर मोजून मिळे. मीं जन्मांत साखर चोरून खाल्ली ती याच घरांत. माहेरीं डबा उघडा असे, तेथें कधीं खाल्ली नाहीं." यावर भाऊजींस उत्तर सुचलें नाहीं, आणि मलाहि त्यांत भर घालण्यासारखें कांहीं नव्हतें.

तडजोड अठ्ठेचाळिसावरच झाली. दोन्ही मुलांच्या यंत्रांस रात्रीं साडेनऊला दार बंद, पण त्यांना समोर बसवून, सांगून. मोठ्यांस कसलेंहि बंधन नाहीं. कोण कोठें गेलें ती नोंद बंद; तारेची नोंद चालू. बाहेरून पेटीचें पान उघडण्याची जी सोय असते ती बंद केली. परवलीचा शब्द माझ्याकडे, सूनबाईकडे आणि भाऊजींकडे. शिवाय पंचांगाशेजारीं ठेवलेल्या वहींत. कोणीं काय बदललें, तें त्या वहींत तारीख घालून लिहावयाचें. भाऊजींनीं आजवर एकच नोंद केली आहे: "कांहीं बदललें नाहीं."

मुलांचें वय वाढेल तसा साडेनऊचा प्रश्न पुन्हां निघणार आहे. नातवानें आतांच दहाचा अर्ज त्या वहींत पेन्सिलीनें लिहून ठेवला असून त्यावर अद्याप कोणाची सही झालेली नाहीं. बाकी वैशाखांत ढग गडगडूं लागले कीं पेटीची विजेची तार आणि दूरध्वनीची तार अशा दोन्ही काढून ठेवाव्या लागतात; वीज दूरध्वनीच्या तारेनेंहि आंत येते. हें काम सासूबाईंनीं आपण होऊन घेतलें आहे. गडगडाट सर्वांआधीं त्यांनाच ऐकूं येतो.