मँचेस्टरमधला पांढरा शर्ट

२०२४ च्या जून महिन्यात आम्ही उभयता आमच्या मुलीकडे, इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी, दीड महिना राहून आलो. मुलगी तिथल्या एका इस्पितळात रुग्णांची शुश्रूषा करते आणि जावई मालाच्या गोदामात रात्रपाळी करतात. मुले परदेशात आहेत म्हणजे पैशात लोळत असतील, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. खरे सांगायचे तर आम्हालाही थोडेफार तसेच वाटत होते. तो गैरसमज एका लहान मुलाच्या शर्टाने दूर केला. तीच हकीकत वाचकांना सांगायची आहे.

निघण्यापूर्वी मुलीने फोनवर बजावले होते, "काही आणू नका, फक्त घरचा मसाला आणा." पण आठ वर्षांच्या नातवाकडे रिकाम्या हाताने कसे जायचे? त्या महिन्यात युरोपातील देशांची फुटबॉल स्पर्धा जर्मनीत सुरू होणार होती आणि नातवाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. दादरच्या फूटपाथवर आम्हाला इंग्लंडच्या संघाचा पांढरा शर्ट दिसला. विक्रेत्याने साडेतीनशे सांगितले, आम्ही अडीचशेला घेतला आणि स्वतःवर खूश झालो.

नातवाने शर्ट उलगडला, छातीवरचे चिन्ह डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि हळूच म्हणाला, "आबा, ह्यातले सिंह उलटीकडे बघतायत." खरेच होते. इंग्लंडच्या चिन्हात एकाखाली एक असे तीन सिंह आहेत. आमचे तिन्ही सिंह विरुद्ध दिशेने निघाले होते. नातवाने आमच्या गळ्यात हात टाकले, शर्टाची नीट घडी घातली आणि खणात ठेवली. पुन्हा तो बाहेर निघाला नाही.

मँचेस्टर शहर आम्हाला परके वाटले नाही. एके काळी साऱ्या जगाला कापड पुरवणारे हे शहर. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रे ह्याच लँकेशायर भागातून बोटीने आली होती. लाल विटांच्या उंच गिरण्या अजून उभ्या आहेत, पण आत माग नाहीत, फ्लॅट आणि कचेऱ्या आहेत. परळ-लालबागला जे झाले ते इथे आधीच होऊन गेले. आमचे वडील परळच्या एका गिरणीत सूतकताई खात्यात होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून आपल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. कापडाचा आणि माणसाच्या इज्जतीचा संबंध आमच्या घरात कुणाला नव्याने शिकवावा लागला नाही.

ह्या शहराचा फुटबॉलही कामगारांच्या वस्तीत वाढला. जगभर नाव असलेल्या मँचेस्टर युनायटेड क्लबची सुरुवात १८७८ साली न्यूटन हीथ इथल्या रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यात झाली. डबे दुरुस्त करणाऱ्या कामगारांनी आपसात संघ काढला. त्यांच्या शर्टाचा रंग हिरवा आणि पिवळा होता. क्लबचे आजचे नाव १९०२ साली पडले. आमची सारी नोकरी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे हे ऐकून आम्हाला आपलेपणा वाटला. जावयांनी पिवळ्या ट्रामने आम्हाला स्टेडियम बाहेरून दाखवून आणले. आता तिथे गेले की कारखान्याचा वास येत नाही, पण कामगारांची पोरे मात्र त्याच ओढीने येतात.

जुलै उजाडला. इंग्लंडचा संघ एकेक सामना पार करत पुढे चालला होता. खिडक्यांतून आणि मोटारींवर झेंडे लागले होते. शाळेतून चिठ्ठी आली की शुक्रवारी, १२ जुलैला, मुलांनी गणवेश न घालता आपल्या आवडत्या संघाचा शर्ट घालून यावे, नसल्यास साधा पांढरा किंवा लाल चालेल. चिठ्ठीत ते "चालेल" होते. पण वर्गात काय चालते आणि काय चालत नाही हे मुलांना चिठ्ठीपेक्षा अधिक कळते. आम्ही नातवाला म्हटले, "चल, खरा शर्ट घेऊ. आबांकडे पैसे आहेत."

शहराच्या मध्यभागी खेळाच्या कपड्यांचे मोठे दुकान होते. नातवाने आपल्या मापाचा शर्ट शोधला, अंगावर चढवला आणि आरशासमोर उभा राहिला. त्याचा चेहरा असा फुलला होता की आम्ही पाकीट काढलेच. तेवढ्यात त्याने बाहीजवळ लोंबणारी चिठ्ठी उलटून पाहिली. ६४.९९ पौंड. त्याने शर्ट काढला, जागेवर अडकवला आणि म्हणाला, "नको आबा, काखेत घट्ट होतो."

शर्ट त्याला चांगला चार बोटे सैल होता.

पासष्ट पौंड म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने जवळजवळ सात हजार रुपये. पण तिथल्या कुटुंबाचा हिशेब रुपयांत करून भागत नाही, तो कामाच्या तासांत करावा लागतो. २०२४ साली ब्रिटनमध्ये मोठ्या माणसाचा कायद्याने ठरलेला किमान मजुरीदर तासाला ११.४४ पौंड होता. म्हणजे लहान मुलाच्या एका शर्टासाठी आईबापांपैकी कुणीतरी पावणेसहा तास उभे राहून काम करायचे. ह्यात चड्डी आणि मोजे आलेले नाहीत. घरात दुसरे मूल असेल तर दुसरे पावणेसहा तास. आमच्या नातवाला पाच वर्षांची बहीण आहे.

रात्री मुलीने कागद-पेन्सिल घेऊन आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. तोच शर्ट मोठ्यांसाठी ८४.९९ पौंडांना होता. ब्रिटनमध्ये मोठ्यांच्या कपड्यांवर २० टक्के व्हॅट लागतो, मुलांच्या कपड्यांवर तो शून्य आहे. लहान मुले घरात असलेल्यांना दिलासा मिळावा असा त्यामागे विचार. आता मोठ्यांच्या किमतीतून कर वजा करा, उरतात सुमारे ७१ पौंड. आणि मुलाचा शर्ट ६५. कापड निम्म्याच्या आसपास, पण किमतीत फरक फक्त सहा पौंडांचा. सरकारने मुलांना म्हणून जो कर सोडला, त्याचा बराचसा फायदा घरापर्यंत पोहोचलाच नाही. खेळाडू घालतात तसा हुबेहूब शर्ट हवा असेल तर त्या वर्षी मोठ्यांसाठी जवळजवळ १२५ पौंड आणि मुलांसाठी १२० पौंड किंमत होती.

असे का, ह्याचे उत्तर आम्हाला दुकानापासून थोड्या अंतरावर असलेल्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात मिळू लागले. काचेच्या तिरप्या इमारतीत हे संग्रहालय २०१२ पासून आहे. तिथे जुने शर्ट मांडले आहेत. पूर्वीचे शर्ट बघितले की कळते, एका रंगाचे साधे कापड, फार तर गळ्याला पट्टी. असा शर्ट कुठल्याही दुकानात मिळे आणि आई त्यावर चिन्ह शिवून देई. १९७० नंतरच्या वर्षांत चित्र बदलले. लेस्टर भागातील अ‍ॅडमिरल नावाच्या कंपनीने आधी लीड्सच्या संघाशी आणि १९७४ साली इंग्लंडच्या संघाशी करार केला. शर्टावर रंगीत पट्ट्या आल्या, कंपनीची खूण आली. साधा पांढरा शर्ट कुणाच्याही मालकीचा नसतो, नक्षी मात्र मालकीची करता येते. मग तोच शर्ट मुलांच्या मापात विकायचा हक्क कंपनीकडे गेला. त्या हक्कासाठी कंपन्या संघांना मोठमोठ्या रकमा देऊ लागल्या आणि त्या रकमा वसूल करण्यासाठी शर्ट वरचेवर बदलू लागले. आज मोठे क्लब दरवर्षी घरच्या सामन्याचा, बाहेरच्या सामन्याचा आणि वर तिसरा असे तीन नवे शर्ट काढतात. मूल वर्षभरात वाढते ते वेगळेच.

ह्या बाजारात लबाडी झाल्याचीही नोंद आहे. २००० आणि २००१ साली इंग्लंड आणि मँचेस्टर युनायटेड ह्यांच्या शर्टांच्या किमती खाली येऊ नयेत म्हणून उत्पादक आणि दुकानदारांनी आपसात संगनमत केले होते. सरकारच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग ह्या खात्याने चौकशी करून १ ऑगस्ट २००३ रोजी दहा जणांना मिळून १ कोटी ८६ लाख पौंड दंड ठोठावला. त्यात शर्ट बनवणारी कंपनी होती, दुकानांच्या साखळ्या होत्या, क्लब होता आणि फुटबॉलची संघटनाही होती. पुढे अपिलात काही दंड कमीजास्त झाले. ग्राहकांच्या संघटनेने एका दुकानसाखळीवर दावा लावला आणि २००८ साली तडजोड होऊन दाव्यात नाव नोंदवलेल्यांना प्रत्येकी २० पौंड मिळाले. एवढे होऊनही २०२२ साली स्कॉटलंडच्या एका क्लबच्या कपड्यांबाबत अशाच संगनमताचा दंड झाला, तो २० लाख पौंडांहून अधिक. आईबाप मुलाला नाही म्हणू शकत नाहीत, ही गोष्ट विकणाऱ्याला पक्की ठाऊक असते.

शुक्रवार जवळ आला. मुलगी म्हणाली, "माझ्याबरोबर चला," आणि आम्हाला घराजवळच्या रस्त्यावरील जुन्या कपड्यांच्या दुकानात घेऊन गेली. ब्रिटनमध्ये अशी दुकाने गल्लोगल्ली आहेत. लोक आपल्याकडचे चांगले पण नको असलेले सामान तिथे देतात, स्वयंसेवक ते विकतात आणि पैसा एखाद्या इस्पितळाला किंवा संस्थेला जातो. तिथल्या मुलांच्या रांगेत इंग्लंडचा आधीच्या स्पर्धेचा शर्ट होता. किंमत चार पौंड. सिंहांची तोंडे बरोबर होती. पाठीवर सातचा आकडा आणि वर कुणा दुसऱ्याच मुलाचे नाव छापलेले.

नातवाची आजी शर्टाला हात लावीना. म्हणाली, "उतरलेला कपडा माझ्या नातवाच्या अंगावर नको."

ह्या वाक्याचा अर्थ आपल्या वाचकांना सांगावा लागणार नाही. गावकीच्या कामाबदली अंगावर फेकलेले जुने कपडे, मढ्यावरचे कापड, हे सारे आपल्या मागच्या पिढ्यांनी पाहिले आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना राहणी आणि पोशाख बदलायला सांगितले, तेव्हापासून एकेक घर त्या मिंधेपणातून बाहेर आले. आजीच्या आईने दोनच लुगड्यांवर दिवस काढले, पण दुसऱ्याचे घेतले नाही. तेव्हा आजीचा राग जुन्या कपड्यावर नव्हता, त्यामागच्या आठवणीवर होता.

मुलीने शांतपणे उत्तर दिले. "आई, इथे कुणी वरून टाकत नाही आणि कुणी खालून झेलत नाही. पैसे द्यायचे, पावती घ्यायची. आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई त्यांचा कोट इथूनच घेतात. पोराचे तोकडे झालेले कपडे मीसुद्धा इथेच आणून देते. घेणारेही आपण, देणारेही आपण."

आजी काही बोलली नाही. मग तिने शर्ट हातात घेतला, शिवण उलटून पाहिली, काखेत बोट घालून पाहिले आणि म्हणाली, "कापड चांगले आहे." मुलीने चार पौंड दिले आणि पावती आजीच्या हातात ठेवली.

त्या रात्री आजीने खणातून आमचा दादरचा शर्ट काढला. त्याच्या पाठीची पांढरी पट्टी कापली आणि त्या अनोळखी मुलाच्या नावावर बारीक टाके घालून शिवली. सातचा आकडा राहू दे, असे नातवाने सांगितले होते. शुक्रवारी तो शाळेतून आला तेव्हा आम्ही दोघे दारातच उभे होतो. वर्गातल्या आणखी काही मुलांनी जुनेच शर्ट घातले होते म्हणे. एकाने विचारले, पाठीवर ही पट्टी कसली? नातवाने सांगितले, "माझ्या आजीने शिवली. कापड मुंबईचे आहे."

रविवारी, १४ जुलैला, बर्लिनच्या अंतिम सामन्यात स्पेनने इंग्लंडला २-१ असे हरवले. नातू रडला आणि तसाच शर्ट घालून झोपला. पुढच्या आठवड्यात दुकानांत नव्या शर्टांवर सवलतीच्या पाट्या लागल्या. आठवड्यापूर्वी पावणेसहा तासांच्या कामाची किंमत असलेली वस्तू एका पराभवाने स्वस्त झाली. मग आधीच्या किमतीत कापड किती होते आणि मुलाचा हट्ट किती होता, ते ज्याचे त्याने ठरवावे.

हे सारे साता समुद्रापलीकडचे आहे असे कुणी म्हणू नये. आपल्या वस्त्यांतही क्रिकेटच्या मोसमात मुले संघाचा शर्ट मागतात. मुलाने मागितले तर रागावू नका. त्याला कापड नको असते, चार मुलांत आपणही एक असावे एवढेच हवे असते, आणि ती मागणी गैर नाही. पण किमतीचा हिशेब मुलांपुढे मांडा, वापरून झालेले चांगले कपडे आपसात बदला आणि त्यात कमीपणा मानू नका. क्लबांनाही वेगळे वागता येते. लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबने घरांवरचा भार कमी व्हावा म्हणून २०२१ चा घरच्या सामन्यांचा शर्ट पुढच्या हंगामातही तोच ठेवला. त्यामुळे त्यांचा फुटबॉल काही बिघडला नाही.

मूल किंमत वाचून "घट्ट होतो" म्हणाले की आपण त्याला शहाणे म्हणतो. त्या दुकानात आम्हाला तसे म्हणवले नाही. आठ वर्षांच्या मुलाला इतके शहाणे व्हावे लागू नये, एवढेच वाटले.

परवा मुलीचा फोन आला होता. शर्ट आता नातवाला खरोखरच काखेत घट्ट होतो. तो धाकट्या बहिणीकडे गेला आहे. सातचा आकडा जरा उडाला आहे, आजीचे टाके मात्र तसेच आहेत.