पेन्शनपुरा

हिंगोलीत रिसाला आहे, पलटण आहे, तोफखाना आहे. आणि पेन्शनपुराही आहे. निजामाच्या काळात इथं छावणी होती, तिची ही नावं मागं राहिली. घोडे गेले, तोफा गेल्या, १९४८ साली निजामाची राजवटही गेली. पहिली तीन नावं लढाईची आहेत. चौथं लढाई संपल्यावर उरलेल्या आयुष्याचं आहे, आणि मला तेच सगळ्यांत जिवंत वाटतं. जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत घरी परततो तेव्हा मुलं शाळेत असतात, अंगात बळ असतं. अशा माणसाला बहुतेकदा एखाद्या बँकेच्या दारात बंदूक देऊन उभं करतात. त्याची खरी जागा ग्रामपंचायतीच्या दप्तराशी आहे. राज्याच्या गट 'क' भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे वाट मोकळी आहे.

ग्रामसेवकाला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. गावाच्या तोंडी तो भाऊसाहेबच. त्याच्या हवाली १ ते ३३ नमुन्यांचं दप्तर असतं. नमुना ८ मध्ये घरांची कर आकारणी, ९ मध्ये मागणी, १० म्हणजे पावती, आणि शेवटच्या नमुन्यात गावची झाडं. आठातली खोली नवात उतरली नाही, की पुढची सगळी बेरीज चुकत जाते. मार्चअखेर वसुलीची घाई असते, तेव्हाच वसमतकडं हळद शिजत असते आणि घरांना कुलपं असतात. शेताच्या बांधावर जाऊन, न चिडता, पावती फाडणारा माणूस लागतो. पलटणीच्या कोठारातल्या ब्लँकेटांचा हिशोब वर्षानुवर्षं जुळवलेल्या जवानाच्या हाताला ही चिकाटी शिकवावी लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, पोरं बेकार असताना निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दुसरी नोकरी कशाला? दुखणं खरं आहे. पण हुशार पोराला ही जागा पुष्कळदा पुढच्या परीक्षेपर्यंतचा मुक्काम वाटते, आणि दप्तराला मुक्कामाचा माणूस पुरत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो: हुकुमाची सवय झालेला माणूस ग्रामसभेत कसा टिकेल? तिथं सचिव म्हणून बसलेल्या भाऊसाहेबाला हुकूम सोडता येत नाही, सरपंच गावानं निवडलेला असतो, आणि प्रश्न विचारणारी म्हातारी कुणाला सलाम ठोकत नाही. ऐकून घेणं त्याला नव्यानं शिकावं लागेल, हे मान्य. संगणक आल्यावर कारकून हवा कशाला, या प्रश्नात मात्र दम नाही. घराचा नवा पत्रा संगणकाला दिसत नाही.

कारकुनाला आपण उगाच खालचा मानतो. औंढ्याला नागनाथाचं देऊळ हेमाडपंती आहे हे पोरालाही ठाऊक असतं, पण हेमाडपंत कोण होता? यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. मोडी लिपीचं श्रेय परंपरा त्याला देते; हात न उचलता भराभर लिहिता यावं अशी ती अक्षरं, कारकुनाच्या बोटांची गरज ओळखून घडवल्यासारखी. त्याच्या नावानं चालत आलेल्या 'मेस्तकां'त तर पत्र कुणाला कसं लिहावं याचे नियम आहेत. 'चतुर्वर्गचिंतामणी' लिहिणारा पंडितही तोच. बांधकामाची एक सबंध रीत त्याच्या नावावर जमा झाली, ती त्यानं शोधली असो वा नसो. चुना न घालता नुसते घडीव चिरे एकमेकांत बसवायचे. एक चिरा बोटभर चुकला तर वरचा बसत नाही. औंढ्याच्या भिंतीवर हत्ती आहेत, देव आहेत, दुपारच्या उन्हात त्यांच्या सावल्या खालच्या थरावर उतरतात, आणि दोन चिऱ्यांमधली रेघ शोधावी लागते.