नाव विकणे आहे

भोर-वेल्ह्याकडे ढोलाला कंपनी नसते, घर असतं. 'ढोल कुणाचा?' असं विचारलं तर वाजवणाऱ्याचं नाव सांगतात. बनवणाऱ्याचं नाव निघतं ते पान फुटल्यावर. (पान म्हणजे ढोलाचं कातडं. विड्याचं पान फुटत नाही. हा खुलासा पुण्याच्या वाचकांसाठी.) त्यात आमच्याकडचा पाऊस. कातडं असं सर्द होतं, की गणपतीत ढोल वाजवण्यापेक्षा शेकण्यातच जास्त वेळ जातो. धंदा जुना, माणसं कसबी, फक्त पाटीवर नाव नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. मला ताल कळत नाही, खतावणी कळते. तेव्हा ढोलाच्या धंद्यात नावाची किंमत काय, हे बघायला मी थेट शिकागोला गेलो. पुस्तकातून हो! बँकेची प्रवास-सवलत तिथवर पोचत नाही.

तिथे १९०९ साली विल्यम आणि थिओबाल्ड या लुडविग बंधूंनी ड्रमची कंपनी काढली. विल्यम स्वतः वाजवणारा. मोठा ड्रम पायाने बडवायचं पेडल त्याने बनवलं, त्यावर दुकान उभं राहिलं. थिओबाल्ड १९१८च्या फ्ल्यूच्या साथीत गेला. पुढे बोलपट आले आणि थिएटरातले वादक घरी बसले. वादक घरी बसले की ड्रमवाला कुठे जाणार? विसाचं दशक संपता संपता विल्यमने कॉन नावाच्या बड्या वाद्यकंपनीला सगळं विकलं. सगळं म्हणजे आडनावासकट. आणि स्वतः त्यांच्याकडे नोकरीला राहिला!

काही वर्षांनी वैतागून बाहेर पडला, १९३७ साली नवा कारखाना काढला. तर स्वतःचं नाव लावायची चोरी. मग पाटी लागली, 'डब्ल्यू.एफ.एल.' म्हणजे एखाद्या जोश्याने 'जोशी' विकून टाकावं आणि दारावर नुसतं 'वि. ग. जो.' रंगवावं, तसं. असं अठरा वर्षं चाललं. १९५५मध्ये बापलेकांनी पैसे मोजून स्वतःचं आडनाव कॉनकडून परत घरी आणलं. आमच्या कर्जखात्यात मी लोकांना दागिने सोडवताना पाहिलंय. आडनाव सोडवून नेणारा अजून भेटायचाय.

त्यानंतर ९ फेब्रुवारी १९६४. बीटल्स अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर आले. बघणारे सात कोटींवर, आणि रिंगोच्या ड्रमवर समोरच ठळक अक्षरांत 'लुडविग'. सोडवून आणलेल्या नावाने व्याजासकट वसुली दिली. पण १९८१ साली घराण्याने कंपनी पुन्हा विकली, या वेळी सेल्मरला. पुढे सेल्मर आणि कॉन एक झाले. आज लुडविगचा ड्रम 'कॉन-सेल्मर'चा आहे. ज्याच्याकडून नाव सोडवलं, शेवटी त्याच्याच पाटीखाली ते गेलं. खतावणीच्या दृष्टीने हिशेब जुळला. घरच्यांना तो कसा वाटला असेल, याला आमच्याकडे रकाना नाही.

ही सगळी कथा मी वेल्ह्याच्या आप्पांना सांगितली. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, आप्पा मात्र एस.टी.त वेल्ह्याचंच तिकीट मागतात.) त्यांना पानांसाठी कर्ज हवं होतं, आणि अर्जात 'उद्योगाचे नाव' कोरं होतं. आज्यापासून घरात ढोलाचं काम. आता फायबरचं पान निघालंय. ते पावसाला दाद देत नाही आणि आप्पांनाही. मुलगा शिरवळला कारखान्यात लागलाय. सुट्टीला आला तर दोर ओढून देतो.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी सायेब, नाव इकलं तवा हात कुठं गेलं?"

"हात तिथंच नोकरीला, आप्पा."

"आन् नाव सोडवून आणलं ते कुनाच्या जिवावर?"

"मुलगा हाताशी होता ना."

आप्पा जरा वेळ काउंटरवरच्या शाईच्या पॅडकडे बघत राहिले.

"मग ऱ्हाऊ द्या नाव. पोरगा माघारी आला तर त्येच्या नावानं करू."

संगणक कोरा रकाना घेत नाही. मी 'ढोल तयार करणे व दुरुस्ती' असं लिहिलं. आप्पांनी सावकाश सही केली, पेन टोपण लावून परत दिलं आणि विचारलं, "पैसं गनपतीच्या आदी मिळत्याल न्हवं?"