नऊ वार आणि बारा कळ्या

गेल्या दिवाळीच्या आधी घराची झाडलोट चालली असताना माळ्यावरची एक पत्र्याची पेटी खाली उतरवावी लागली. पेटी माझ्या आत्याची. तिचे वय आता नव्वदीच्या घरात आहे आणि गेली कित्येक वर्षे ती खामगावी आमच्याजवळच राहते. पेटीत जुन्या पत्रांखेरीज काही नसेल, अशा समजुतीने मी ती उघडली. तो डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर हाती आला एक घागरा. हिरव्या रंगाचा, तांबड्या काठाचा. निरखून पाहिले तेव्हा ध्यानात आले की कोणाचे तरी नऊवारी लुगडे कापून त्याच्या या बारा कळ्या केल्या आहेत.

“आत्या, हे काय ग?” मी विचारले.

“तो माझा बॅले,” ती म्हणाली आणि हसली.

खामगावसारख्या गावात आणि आमच्यासारख्या घरात ‘बॅले’ हा शब्द १९४८ साली कसा शिरला असेल, याचे मला प्रथम नवल वाटले. पण विचार करता नवलाचे कारण उरले नाही. महायुद्ध संपल्यानंतरच्या त्या चारपाच वर्षांत हा शब्द हवेतच होता. पंडित नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथावरून रचलेला बॅले १९४७ साली रंगभूमीवर आला. पुढच्याच वर्षी उदयशंकरांचा ‘कल्पना’ हा नृत्यमय चित्रपट पडद्यावर झळकला. आत्याच्या शाळेत मुंबईकडून नव्याने आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी गॅदरिंगसाठी सहा ऋतूंचा बॅले बसवायला घेतला आणि वर्षा ऋतूची भूमिका बारा वर्षांच्या माझ्या आत्याकडे आली.

भूमिका आली, पण कापड कोठून यायचे? वऱ्हाडातला कापूस नेण्यासाठी जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा १८७० साली आला, इतकी ही पेठ जुनी. परंतु युद्धामुळे १९४३ पासून कापडावर जे नियंत्रण आले, त्यात गाठी गावाबाहेर जात आणि गावात कार्डावरच्या कापडासाठी रांगा लागत. १९४८ च्या आरंभी ते नियंत्रण उठले, भाव भडकले आणि त्याच वर्षी ते पुन्हा आले. अशा दिवसांत घेरदार घागऱ्याचे कापड मागणे म्हणजे चैनच. तेव्हा आजीने कोणाला न विचारता आपले एक लुगडे काढले आणि कात्री लावली. चार लुगड्यांवर वर्ष काढणाऱ्या बाईने त्यांतले एक कापले, याचा अर्थ आजच्या वाचकाला सांगावा लागेल असे मला वाटत नाही.

मी इंग्रजीचा अध्यापक. आत्याची हकीगत ऐकताना माझे मन सवयीप्रमाणे समुद्रापार गेले. तिकडेही तेव्हा कापडाची हीच ओढाताण होती. युद्धकाळात लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाचा नाचघर म्हणून उपयोग झाला. १९४६ च्या फेब्रुवारीत ते ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेने पुन्हा उघडले, तेव्हा इंग्लंडात कपडे कूपनांवर मिळत होते. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिओर या शिंपीकुलभूषणाने बारीक कमरेचे आणि वारेच्या वारे कापड गिळणारे घेरदार झगे पुढे आणले. काहींनी उधळपट्टी म्हणून त्यांवर दगड उचलले. पण फॅशन जिंकली. अमेरिकेत तर युद्धात चामड्याची टंचाई पडली म्हणून क्लेअर मॅकार्डेल या पोशाखकर्तीने नर्तकींच्या सपातांना टिकाऊ तळ लावून घेतले आणि रंगमंचावरचे पादत्राण रस्त्यावर आणले. इतकी वर्षे पोट आवळून बसलेल्या माणसांना गिरकी घ्यावीशी वाटली, आणि गिरकी म्हटली की घेर हवा. आजीच्या कात्रीलाही त्याच वाऱ्याचा स्पर्श झाला होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

घागरा शिवून झाला. आत्याने तो घालून ओसरीवर गिरकी घेतली, आणि नेमके त्याच वेळी आजोबा कचेरीतून परतले. आजोबा पेशाने वकील, विचाराने सुधारक. मुलीने इंग्रजी शिकावे म्हणून त्यांनी भाऊबंदांशी वैर पत्करले होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “हा पोशाख आपल्या घरातला नव्हे. घागरा नि घुंगरू कलावंतिणीचे.”

आजी दाराआडून म्हणाली, “मग लुगडे नेसून नाचेल ती.”

“लुगडे नेसून तमाशातल्या बायका नाचतात.”

संभाषण तेथेच संपले. गॅदरिंगला वर्षा ऋतू दुसऱ्या एका मुलीने केला.

आजोबांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या त्या दोन वाक्यांत त्या काळचा सारा पेच सामावला आहे. कुलीन स्त्रीने नाचायचे तर नेसायचे काय? जो म्हणून पोशाख नाचाला सोयीचा, तो कोणत्या तरी नाचणारीने आधीच नेसलेला होता आणि म्हणून विटाळलेला होता. ज्या बायकांनी लावणी जिवंत ठेवली, त्यांना आपल्या नऊवारीबद्दल काय वाटते, हे विचारण्याचे तर कोणाच्या मनातही आले नाही.

हा पेच वादविवादाने सुटला नाही. तो बराचसा पोशाखाने सुटला, हे मला त्या पेटीनेच शिकवले. घागऱ्याच्या घडीत एका सचित्र साप्ताहिकातले पिवळे पडलेले कात्रण होते. दमयंती जोशी यांचे छायाचित्र. कर्नल सोखी यांच्या पत्नी लीला, म्हणजेच ‘मेनका’, यांनी खंडाळ्याला नृत्यालय काढले होते आणि कथ्थकावरून ‘मालविकाग्निमित्र’सारखे बॅले रचले होते. त्यांच्या हाताखाली ही मराठी मुलगी वाढली आणि लहानपणीच त्यांच्या संचाबरोबर युरोप फिरून आली. १९४७ साली मेनका वारल्या. त्याच वर्षी पुण्यात रोहिणी भाटे यांनी ‘नृत्यभारती’ सुरू केली. दमयंतीबाई पुढे एकट्याने नाचू लागल्या, आणि कथ्थकाच्या मंचावर साडी आणण्याचे श्रेय त्यांना देतात. पेशवाज नाही, घागरा नाही; घरातली बाई नेसते ती साडी. पाहणाऱ्याच्या मनातला अर्धा विरोध तेथेच गळून पडत असला पाहिजे.

“हे चित्र मिळाले तेव्हा माझे लग्न झालेले होते,” आत्या म्हणाली. “बाबांना हे आधी दिसले असते, तर कदाचित हो म्हणाले असते रे. पण आता काय त्याचे!”

येथे हा लेख संपवता आला असता, आणि आजोबांची पिढी गेली, आपण पुढे आलो, असे समाधानाचे वाक्यही लिहिता आले असते. पण मला तो अधिकार नाही. माझी मुलगी सहा वर्षे कथ्थक शिकली. तिच्या पोशाखाला मी कधी हरकत घेतली नाही. उलट तिची छायाचित्रे मित्रांना अभिमानाने दाखवली. ती नववीत गेली आणि मी तिचा वर्ग बंद केला. कारण सांगितले ते गुणांचे, पुढच्या प्रवेशाचे. तिने वाद घातला नाही, घुंगरू कपाटात ठेवले. त्या संध्याकाळी आत्याने मला विचारले होते, “का रे, तिचा पोशाख आवडला नाही का तुला?” म्हातारपणी माणूस काहीही विचारतो, असे समजून मी हसलो होतो. पेटी उघडल्यावर तो प्रश्न मला कळला, तब्बल अकरा वर्षांनी.

आजोबांचे कारण अब्रूचे होते, माझे टक्क्यांचे. दोन्ही कारणे आपापल्या काळात शहाणपणाचीच वाटत होती. आणि आजोबांनी निदान मुलीला नाचताना पाहून नाही म्हटले. मी तर तिच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहून म्हटले.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली, तेव्हा घागरा तिच्या हाती दिला आणि त्याची सारी कथा सांगितली. तिने तो कमरेला लावून पाहिला. अर्थात आखूड झाला. मग शिवण उलटी करून ती आजीचे टाके बोटाने चाचपत राहिली. मी म्हणालो, “तुझा वर्ग मी बंद केला, ते चुकले माझे.”

ती चटकन म्हणाली, “बाबा, आता काय त्याचे!”

आत्या पलीकडे झोपाळ्यावर बसली होती. तिने मान वर करून आम्हा दोघांकडे पाहिले. बोलली मात्र काहीच नाही.