पास्कलचा चोरखिसा

पॅरिसला गेलेला आपल्याकडचा माणूस आयफेल मनोरा पाहतो, लूव्रमध्ये मोनालिसापुढच्या गर्दीत टाचा उंचावून उभा राहतो, आणि वेळ उरलाच तर सेंट जेनेव्हिएव्हच्या टेकडीवरचे पँथिऑन पाहून येतो. व्होल्टेअर, रूसो, ह्यूगो ही बडी मंडळी तिथे विसावली आहेत. मीही त्यांच्यासाठीच टेकडी चढलो होतो. बाहेर पडलो तो मागच्या अंगाला सँत-एतिएन-द्यु-माँ नावाचे जुने चर्च दिसले, म्हणून सहज आत शिरलो.

आत पाऊल टाकताच नजर खिळते ती एका दगडी सज्जावर. खांबांभोवती वळत वर चढणारे दोन जिने आणि त्यांना जोडणारी कमान. सगळ्यावर लेस विणावी तसे नाजूक जाळीकाम. ते पाहत पाहत वेदीच्या मागे गेलो, तर तिथल्या शिळेवर एक नाव होते : ब्लेझ पास्कल.

शाळेत द्रवाच्या दाबाचा नियम घोकताना आपण ज्याच्या नावाने बोटे मोडली, तोच हा! जन्म १६२३ चा. करवसुलीचे हिशेब करताना वडील थकतात म्हणून विशीच्या आतच हा मुलगा आकडेमोडीचे यंत्र करायला बसला. डोंगरावर चढावे तसा हवेचा दाब कमी होतो, हे त्याने १६४८ मध्ये आपल्या मेव्हण्याकरवी सिद्ध करून घेतले. तोच प्रयोग त्याने पॅरिसमध्येही केला. त्याची आठवण म्हणून सीन नदीपलीकडच्या सँ-झाक मनोऱ्याच्या पायथ्याशी त्याचा पुतळा उभा आहे.

पण मला त्या शिळेपाशी आठवला तो एक कागद.

१६५४ च्या सुमारास पास्कलचे मन उदास होते. वडील जाऊन तीन वर्षे झाली होती. लाडकी धाकटी बहीण झाकलीन त्याच्या मनाविरुद्ध पोर-रोयालच्या मठात जोगीण झाली होती. कीर्ती होती, प्रकृती नव्हती आणि चित्ताला स्वस्थता तर नव्हतीच. अशात २३ नोव्हेंबरच्या रात्री सुमारे साडेदहापासून साडेबारापर्यंत त्याला काहीतरी प्रत्यय आला. काय झाले ते त्याने कुणालाही सांगितल्याचे दिसत नाही. त्याने ते फक्त लिहून ठेवले.

प्रयोगाची नोंद करावी तशी आधी तारीख, वार आणि वेळ. मग ओळीत एकट्याने आलेले अग्नीचे नाव. पुढे तुटक तुटक उद्गार : पंडितांच्या तर्कातला नव्हे, अब्राहामाचा देव, येशू ख्रिस्त, आनंद, अश्रू, आपणच त्याच्यापासून दूर गेलो होतो ही कबुली. आणि अखेरीस, हे विसरू नये अशी प्रार्थना.

आपल्याकडे मुलगा परगावी निघाला की आजी त्याच्या बंडीला आतून चोरखिसा शिवून देई आणि त्यात अडीअडचणीचे चार रुपये ठेवी. पास्कलने तेच केले. कागदावरचा मजकूर त्याने चर्मपत्रावर उतरवून काढला आणि दोन्ही मिळून अंगरख्याच्या अस्तरात शिवून टाकले. अंगरखा बदलला की टाके उसवायचे आणि नव्या अस्तरात पुन्हा घालायचे. गडीमाणूस असूनही हे काम तो स्वतःच करी. असे आठ वर्षे चालले.

ती वर्षे सुखाची नव्हती. डोकेदुखी आणि पोटाचे दुखणे वाढत गेले. पोर-रोयालवर राजाची आणि धर्मसत्तेची वक्रदृष्टी वळली. तिथल्या जोगिणींवर मनाला न पटणाऱ्या मजकुराखाली सही करण्याची सक्ती झाली. झाकलीनने सही केली, पण तो घाव तिच्या जिव्हारी लागला. ऑक्टोबर १६६१ मध्ये ती गेली. त्या रात्रीचा प्रकाश पुन्हा तसा दिसला, असा दुसरा कागद त्याच्यापाशी निघालेला नाही.

मग त्याने त्या दोन तासांचे केले काय? मार्च १६६२ मध्ये त्याच्या कल्पनेतून पॅरिसच्या रस्त्यांवर ठरलेल्या मार्गाने, पाच सूंच्या भाड्यात धावणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. आपल्या शहरांतल्या बसची ही पणजीच म्हणायची! त्या धंद्यातून आपल्या वाट्याचे पैसे आगाऊ मिळाले तर ब्ल्वाच्या उपाशी लोकांना पाठवावेत, अशी त्याची धडपड होती. घरात त्याने एका गरीब कुटुंबाला आसरा दिला होता. त्यांच्या मुलाला देवी आल्या, तेव्हा रीतीप्रमाणे त्या लोकांना हलवायचे. पण हा स्वतःच आजारी अंगाने थोरल्या बहिणीकडे राहायला गेला. तिथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्याने डोळे मिटले. ती जागा या चर्चपासून चार पावलांवर आहे.

काही दिवसांनी कपडे चाचपताना एका नोकराच्या हाताला अस्तरात काहीतरी जाडसर लागले, आणि घरच्यांना त्या रात्रीची गोष्ट कळली. चर्मपत्र पुढे हरवले. कागद मात्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे.

मी ख्रिस्ती नाही. त्या रात्री त्याला काय दिसले हे मला सांगता यायचे नाही. पण बरे दिवस विसरायला दुखण्याची एक रात्र पुरते, हे कुठल्याही घरात ठाऊक असते. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसानेही आपल्या स्मरणशक्तीवर भरवसा ठेवला नाही. चर्चबाहेर आलो तेव्हा पावसाची भुरभुर सुरू झाली होती. कोटाची गुंडी लावताना हात नकळत आतल्या अस्तरावरून फिरला. तिथे काहीच नव्हते.